जर्मनीतला बेट्रीब्सराट म्हणजे आपली वर्क्स कमिटीच का?

स्टुटगार्टकर
आमच्या इथल्या ऑफिसात ६० जण आहेत, युनियन नाही. काही सहकारी बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली प्रतिनिधी समिती, निवडायचं म्हणताहेत. चाकणच्या कारखान्यांत असते तशी ही नुसती सल्लागार समिती का? भारतीय पासपोर्टवर उभं राहता येतं का? आणि पुढाकार घेणाऱ्याच्या नोकरीचं काय?

नेकारकाठ
पासपोर्टाचा संबंधच नाही. मत द्यायला वय १६ पूर्ण हवं. उभं राहायला १८, शिवाय नोकरीत सहा महिने. ५१ ते १०० मतदार असतील तर जागा पाच.

आधी बेट्रीब्सराट नसेल तर दर चार वर्षांनी येणाऱ्या मार्च-मेच्या निवडणुकीसाठी थांबू नका. तीन मतदारांनी सभेचं निमंत्रण किमान सात दिवस आधी लावायचं. त्या सभेत तिघांचं निवडणूक मंडळ निवडायचं, सभा संपायच्या आत उमेदवारांची नावं द्यायची, आठवड्याने दुसऱ्या सभेत गुप्त मतदान. खर्च कंपनीचा.

घोळ होतो तो मतदार यादीत. टीम लीड असं पद असलं म्हणून कोणी वगळला जात नाही. ज्याला स्वतःच्या अधिकारात माणसं घेता-काढता येतात असा वरिष्ठ अधिकारी वगळायचा. एजन्सीचा माणूस तीन महिन्यांहून जास्त काळासाठी घेतला असेल तर त्यालाही मत आहे. यादी चुकली तर निकालानंतर दोन आठवड्यांत कंपनी निवडणुकीला कामगार न्यायालयात आव्हान देऊ शकते.

निमंत्रणावर तीन सह्या पुरतात, पण सहा घ्या. पहिल्या सहा जणांना निकाल लागेपर्यंत नेहमीची नोटीस देऊन काढता येत नाही. गंभीर गैरवर्तनावरून तडकाफडकी काढण्याला मात्र हे संरक्षण नाही.

भोसरी_गेट
आपली वर्क्स कमिटी आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. १०० कामगार असले तरी सरकारने आदेश काढला तरच ती सक्तीची. व्यवस्थापनाचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. विषय कँटीन, पाणी, सुरक्षेचे बूट. तिने दिलेली संमती कामगारांवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये नॉर्थब्रुक ज्यूटच्या खटल्यात सांगितलं. पगाराचा करार युनियनच करते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात युनियनच्या मान्यतेला ३० टक्के कामगार सदस्य लागतात. २०२० च्या संहितेत अनेक युनियन असतील तर एकीलाच वाटाघाटीचा हक्क मिळायला ५१ टक्के. हा फरक छोट्या युनियनला जड जातो.

नेकारकाठ
बेट्रीब्सराटमध्ये व्यवस्थापनाचा एकही माणूस नसतो, आणि खरी ताकद बेट्रीब्सराटच्या कायद्यातल्या कलम ८७ मध्ये आहे. कामाच्या वेळा, ओव्हरटाइम, रजेचं वेळापत्रक, कामावर नजर ठेवू शकणारं सॉफ्टवेअर: यात संमती लागतेच. कोणी किती वेळात तिकीट (नोंदवलेलं काम) बंद केलं याची नोंद ठेवणारी यंत्रणा कंपनी एकतर्फी सुरू करू शकत नाही. अडलं तर दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य आणि तटस्थ अध्यक्ष असलेलं मंडळ निर्णय देतं, तो दोघांवर बंधनकारक.

नोकरीवरून काढण्याआधी बेट्रीब्सराटला कळवावंच लागतं. न कळवता दिलेली नोटीस रद्दबातल, कारण कितीही खरं असो. पण नुसत्या विरोधाने नोटीस थांबत नाही.

माल्मोवासी
स्वीडनमध्ये असा बेट्रीब्सराट नाहीच, सगळं युनियनमार्फत चालतं. १९७६ च्या कायद्याने मोठ्या बदलाआधी मालकाला युनियनशी बोलणी करावीच लागतात. शेवटचा शब्द मात्र बहुतेक वेळा मालकाचा.

नेकारकाठ
स्टुटगार्टकर, बेट्रीब्सराटला संप करता येत नाही आणि युनियनच्या करारात येणारा पगारही ठरवता येत नाही. पगार वाढवून हवा असेल तर सोबत युनियनचं सदस्यत्व घ्या. निमंत्रण लावण्याआधी युनियनकडून मसुदा तपासून घ्या.