अनुभव धागा : ब्रिटनचा लॉकडाऊन – काम कसं चाललं, धोका कुठे होता

२३ मार्च २०२० च्या रात्री कोरोनामुळे ब्रिटनमध्ये लॉकडाऊन जाहीर झाला. त्या काळाच्या आठवणी बऱ्याच लिहून झाल्या आहेत, म्हणून इथे जरा वेगळं मागते आहे. आपापल्या कामात नेमकं काय बदललं, काय चाललं, काय फसलं आणि का, ते लिहा. तिथल्या ज्येष्ठांना, विद्यार्थ्यांना आणि इकडे काळजी करत बसलेल्या घरच्यांना तेव्हा हीच माहिती तुकड्या-तुकड्यांनी मिळत होती. ती एकत्र असायला हवी असं मनापासून वाटतं.

भूलतज्ज्ञ, बर्मिंगहॅम

मास्कबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होता. सर्वसाधारण वॉर्डात रुग्णाजवळ जाताना सर्जिकल मास्क, प्लास्टिकचा एप्रन आणि हातमोजे. श्वासनलिकेत नळी घालण्यासारखी, तुषार उडवणारी कामं असतील तिथे एफएफपी३ (हवेतले बारीक कण गाळणारा) मास्क, लांब बाह्यांचा गाऊन आणि व्हायझर, म्हणजे चेहऱ्यापुढची पारदर्शक ढाल. एफएफपी३ ची गाळणी कितीही उत्तम असली तरी मास्क चेहऱ्याला चिकटून बसला नाही तर हवा कडेनेच आत येते. म्हणून आधी फिट टेस्ट.

डोक्यावर पारदर्शक हूड चढवतात आणि त्यात कडू द्रावणाचा फवारा मारतात. सुरुवातीला मास्क न घालता पातळ द्रावण, म्हणजे माणसाला चव कळते की नाही हे समजतं. मग मास्क घालून तीव्र द्रावण. नेहमीचा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, कमरेतून वाकणं आणि पुन्हा नेहमीचा श्वास, प्रत्येक क्रिया मिनिटभर. दर अर्ध्या मिनिटाला फवारा चालूच. मध्ये कुठेही कडू लागलं की ते मॉडेल त्या चेहऱ्यासाठी बाद. टेस्टआधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर चवीचा अंदाज चुकतो.

फसायचं ते पुरवठ्यामुळे. नवा खोका वेगळ्या मॉडेलचा आला की जुनी टेस्ट निरुपयोगी. लहान चणीच्या चेहऱ्यांना अनेक मॉडेल बसतच नव्हती. दाढीचे खुंट असले तरी हवा गळते, त्यामुळे धर्मामुळे दाढी ठेवणाऱ्यांना पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा हूडच लागायचा.

आणि खरा धोका चढवताना नसतो, उतरवताना असतो. आधी हातमोजे, मग हात स्वच्छ, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग व्हायझर. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन, किंचित पुढे वाकून, खालची पट्टी आधी आणि वरची नंतर. पुढच्या भागाला बोट लावायचं नाही. मग पुन्हा हात धुवायचे. बारा तासांच्या पाळीनंतर दमलेला माणूस नेमका इथेच घाई करतो, म्हणून उतरवताना समोर एकाने उभं राहून क्रम बोलून दाखवायचा ही पद्धत मला आजही सर्वात मोलाची वाटते.

बस आगार, पूर्व लंडन

केबिनच्या काचेला बोलण्यासाठी भोकं असतात, ती पारदर्शक फिल्म लावून बंद केली गेली. २० एप्रिल २०२० पासून लंडनच्या बसमध्ये मधल्या दाराने चढायचं ठरलं. कार्ड टेकवायचं यंत्र पुढच्या दाराशी असल्यामुळे त्या काळात भाडंच घेतलं गेलं नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात पुढचं दार टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झालं, आणि १५ जूनपासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक वाहनांत तोंड झाकणं सक्तीचं झालं. बस ताब्यात घेताना स्टिअरिंग, गिअरची बटणं, हँडब्रेक, दारांची बटणं, सीट सरकवायचा दांडा आणि केबिनच्या दाराची कडी, हे सगळं पुसून घ्यायचं. कडी बहुतेकांकडून राहायची. सगळ्यांचं लक्ष बसवर होतं, पण चालक एकमेकांच्या जवळ यायचे ते आगाराच्या विश्रांतीच्या खोलीत, मास्क काढून, चहा पिताना. खुर्च्या कमी करून आणि सुट्टीच्या वेळा पुढे-मागे करूनच ती गर्दी तुटली.

पगारपत्रक आणि कर, हॅरो

फर्लोची, म्हणजे काम थांबलं तरी नोकरीवर ठेवलेल्यांना पगार देण्याची योजना वरून सोपी दिसायची: पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड, सरकारकडून. सुरुवातीला २८ फेब्रुवारी २०२० ला पगारपत्रकावर नाव असणं बंधनकारक होतं. नंतर ती तारीख १९ मार्च केली, तीही त्या दिवसापर्यंत पगाराची नोंद कर खात्याकडे गेली असेल तर. मधल्या काळात नोकरी बदललेले लोक या दोन तारखांच्या कात्रीत सापडले. त्यांना मार्ग एकच होता, जुन्या मालकाने पुन्हा कामावर घेऊन फर्लोवर टाकणं. काहींनी घेतलं, अनेकांनी नाही.

आपल्या लोकांना दोन गोष्टींनी ग्रासलं. एक व्हिसा. त्यावर ‘सरकारी मदत घेता येणार नाही’ अशी अट असते, म्हणून फर्लो नाकारणारे लोक होते. फर्लो त्या मदतीत मोडत नव्हती. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मात्र मोडतो, त्याला हात लावायचा नाही. मालकाने प्रायोजित केलेल्या व्हिसावर नोकरी करणाऱ्यांचा पगार तात्पुरता ८० टक्के किंवा २,५०० पौंड, यांतलं जे कमी असेल तिथपर्यंत उतरवायला मुभा होती.

दुसरी, स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करणारे आयटीवाले. ते पगार कमी आणि लाभांश जास्त घेतात. फर्लोत लाभांश धरला जात नव्हता. महिन्याला ७१९ पौंड पगार दाखवणाऱ्याला ८० टक्के म्हणजे ५७५ पौंड, घराचं भाडं त्याच्या कितीतरी वर. शिवाय फर्लोवर असताना संचालकाने फक्त कायद्याने बंधनकारक कागदपत्रं भरायची, ग्राहकाचं एक तासाचंही काम नाही. स्वयंरोजगाराचं अनुदान त्यांना लागू नव्हतं, कारण कंपनीचा संचालक कायद्याने स्वयंरोजगारी नसतो. या वर्गाला योजनेने वाऱ्यावर सोडलं असं माझं स्पष्ट मत आहे.

किराणा, लेस्टर

पीठ संपलं म्हणजे देशातला गहू संपला असं नव्हतं. गिरण्यांचं बहुतेक पीठ टँकरने किंवा मोठ्या पोत्यांतून बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जातं. घरगुती छोट्या पिशव्यांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. गिरण्या रात्रंदिवस चालल्या तरी पिशव्या भरणारी यंत्रं तेवढीच. म्हणून बेकरीची १६ किलोची पोती घाऊक दुकानातून आणून शेजाऱ्यांत वाटून घेणं हा उपाय चांगला चालला. कणकेत कोंडा आणि गव्हाचा तेलकट अंकुर असतो, त्यामुळे ती मैद्यापेक्षा लवकर खवट होते. महिन्याला पुरेल एवढीच बाहेर ठेवायची, उरलेली फ्रीझरमध्ये.

एकट्या ज्येष्ठांसाठी सामान आणणाऱ्यांनी कार्ड आणि पिन कधीच हातात घेऊ नये. आधी खरेदी, मग बिलाचा फोटो, मग बँकेतून पैसे. पिशवी दारात ठेवायची, बेल वाजवायची आणि दोन मीटर मागे सरकून दार उघडेपर्यंत थांबायचं. नुसती ठेवून निघून जाऊ नका, काहींना ती उचलताच यायची नाही.

दवाखान्यातली परिचारिका, मँचेस्टर

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या ऑक्सिमीटरबद्दल. नेलपॉलिश किंवा मेंदी काढून, हात गार असतील तर चोळून ऊबदार करून, पाच मिनिटं शांत बसायचं. तर्जनी किंवा मधलं बोट, हात छातीशी टेकवलेला. निदान मिनिटभर ठेवून जो आकडा पाच सेकंद स्थिर राहील तो लिहायचा. दिवसातून तीनदा, लक्षणं सुरू झाल्यापासून चौदा दिवस. तेव्हाच्या सूचना अशा होत्या: ९५ किंवा वर ठीक. ९३-९४ असेल तर तासाभरात पुन्हा मोजून, तोच आला तर जीपी (नेहमीचा डॉक्टर) किंवा १११ ही आरोग्य सल्ल्याची फोनसेवा. ९२ किंवा खाली असेल तर लगेच पुन्हा मोजून ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक. धाप लागत नाही म्हणून कमी आकड्याकडे दुर्लक्ष करणं जिवावर बेतायचं, कारण या आजारात ऑक्सिजन उतरला तरी माणूस नीट बोलत असायचा.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. म्हणून एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा तब्येत बरी असतानाचा आकडा आधी लिहून ठेवायचा आणि तो किती खाली जातोय ते पाहायचं. जून २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडने भारतीय, पाकिस्तानी आणि इतर काही गटांत मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा १० ते ५० टक्के जास्त असल्याचं मांडलं होतं. बांगलादेशी वंशाच्या लोकांत सुमारे दुप्पट.

> बस आगार : १११ वर लोकांना फार वेळ ताटकळत राहावं लागायचं. धाप लागून वाक्य पूर्ण होत नसेल तर थांबायचं नाही, सरळ ९९९.

अंत्यविधीची मदत, लेस्टर

त्या काळात मृत्यूची नोंद फोनवरून करता येऊ लागली होती. डॉक्टरांचा दाखला ईमेलने निबंधकाकडे, आणि दहनाची परवानगी थेट अंत्यविधीच्या संस्थेकडे. घरी आणून आंघोळ घालणं शक्य नव्हतं. तुळशीचं पान, गंगाजलाचे थेंब, वस्त्र हे संस्थेच्या माणसांकडे आधी द्यायचं, ते शवपेटीत ठेवायचे. काचेची बाटली, बॅटरी, अख्खा नारळ चालत नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं, भट्टीत त्याचा स्फोट होतो.

हजर राहणाऱ्यांची मर्यादा प्रत्येक दहनगृहाची वेगळी, काही ठिकाणी जेमतेम दहा. बाकीच्यांसाठी थेट प्रक्षेपण. २९ मार्चला ब्रिटनची घड्याळं तासाभराने पुढे गेली आणि भारताशी फरक साडेपाचवरून साडेचार तासांवर आला. जुन्या हिशेबाने बसलेल्यांची वेळ चुकायची, आणि अर्ध्या तासाचा विधी तेवढ्यात संपलेला असायचा. भारतीय वेळ स्वतंत्र लिहूनच दुवा पाठवायचा.

इथे अस्थी वेचता येत नाहीत. दहनानंतर त्या यंत्रात बारीक करूनच डब्यात मिळतात. विमानं बंद होती तेव्हा तो डबा संस्थेकडे ठेवता यायचा. अनेकांनी लेस्टरजवळ सोअर नदीत विसर्जन केलं. पाण्यात फक्त राख आणि फुलं, प्लास्टिक, धातू किंवा कापड नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती नोंदीच्या वेळीच मागवायच्या, तेव्हा एका प्रतीचे ११ पौंड होते. बँक, पेन्शन, विमा आणि भारतातली मालमत्ता, प्रत्येकाला मूळ प्रत लागते आणि ती परत यायला आठवडे लागतात.