बर्न्ट अंबरमधला 'अंबर' म्हणजे काय?

रंकाळ्यावर लँडस्केप करत बसलोवतो, रंगाच्या ट्यूबवरचं नाव वाचून पोरगी म्हणाली पप्पा अंबर म्हणजे आभाळ ना, मग हा मातकट कसा? मला सांगता येईना. कुणाला माहितीय का?

— भावा, आपल्या अंबरचा काय संबंध नाही. लॅटिनमध्ये उंब्रा म्हणजे सावली, त्यावरनं, किंवा मग इटलीतल्या उंब्रिया प्रांतावरनं, दोन्ही मतं आहेत. हा रंग म्हणजे मातीच, लोह आणि मँगनीजची, भाजली की तांबूस गडद होते म्हणून बर्न्ट.

— मला सावलीचंच पटतंय, झाडाखाली तोच तर लावतो आपण. आणि आपला गेरू बघा की, संस्कृत गैरिक, गिरि म्हणजे डोंगर त्यावरनं. आज्जी तुळशीकट्ट्याला लावायची, बोटं दोन दिवस तांबडी!

— लेकीला सांगतो आजच. लई भारी.