तिवरं तपकिरी झाली म्हणून फवारणी? माझा विरोध आहे. तुमचं मत?

खाडीकाठचा

सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एकच फोटो फिरतोय. ऐरोलीकडची तिवरं (खाडीतली खारफुटीची झाडं) तपकिरी पडलीत, वणवा लागून गेल्यासारखी. खाली नेहमीच्या प्रतिक्रिया: कुणी म्हणतं बिल्डरने केमिकल सोडलं, कुणी म्हणतं ताबडतोब औषध फवारा. सह्यांची मोहीमही निघालीय. मी सही केली नाही, तर लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी ऐकवलं, "तुम्ही तर मोठे निसर्गप्रेमी ना?" म्हणून हा धागा.

रविवारी स्वतः जाऊन आलो. एक फांदी वाकवली, तर पानांच्या मधल्या शिरा तेवढ्या शिल्लक आणि माझ्या शर्टावर काळ्या बारीक लेंड्यांचा सडा. अळी दीडेक इंचाची, काळपट, अंगावर लांब पट्टे. बोट लावलं की दोरा सोडून सर्रकन खाली लोंबकळते. शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. हीच सागाची पानं खाते आणि आपल्या खाड्यांत पावसाळा सरता सरता तिवरावर येते. शेजारी चिपी होती, तीही खारफुटीच, पण हिरवीगार. तिला एकीनेही तोंड लावलेलं नव्हतं.

तिवर यातून मरत नाही. अळ्या कोषात गेल्या की काही आठवड्यांत नवी पालवी येते. तोवर कोतवाल, साळुंक्या, कावळे यांची दिवाळी. लेंड्या चिखलात पडतात, त्यांचं खत तिथेच मुरतं. फवारा मारलात तर औषध भरतीच्या पाण्यात जाणार. आणि अळीला मारणारं औषध कोळंबीला आणि चिंबोरीला ओळखून सोडत नाही, तिन्ही संधिपादच, म्हणजे सांधेदार पायांचे, कात टाकणारे प्राणी. कात टाकू न देणारी जी औषधं 'सुरक्षित' म्हणून खपवतात, ती तर कवचवाल्या प्राण्यांना जास्तच बाधतात. तेव्हा माझं मत सरळ आहे: जंगलातल्या पानखाऊ अळीवर फवारणी नको. ना खाडीत, ना डोंगरात.

मूलचा सागवाला

खाडीचं तुम्ही बघा, पण "ना डोंगरात" हे कोणत्या हिशोबाने लिहिलं भाऊ? इथे चंद्रपूर जिल्ह्यात मूलला माझा दोन एकर साग आहे, सातवं वर्ष. रोपं विकणाऱ्याने पंधरा वर्षांत तोड म्हणून सांगितलं होतं, ते जाऊ द्या, त्याला काय बोलायचं. पण मृगाचा पाऊस पडून पहिली कोवळी पालवी फुटते तेव्हाच ही अळी येते. आठ-दहा दिवसांत झाड नागडं. मग झाड साठवलेलं सगळं खर्चून पुन्हा पालवतं, आणि कधी कधी त्याच पालवीवर दुसरी पिढी बसते. लहान झाडाचा शेंडा खाल्ला तर तिथून दोन फाटे फुटतात. फाट्याच्या लाकडाला व्यापारी काय भाव देतो, माहीत आहे?

झाड मरत नाही हे खरं. वाढतही नाही ना पण! केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरला एकाच रोपवनात काही झाडं औषधाने राखली, काही तशीच सोडली आणि पाच वर्षं मापं घेतली. १९८५ साली ते प्रसिद्ध झालं. उघड्या झाडांची लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली. त्यांनी असाही हिशोब मांडला की राखलेला आणि नीट खतपाणी दिलेला साग साठ वर्षांचं लाकूड सव्वीस वर्षांत देईल. चौतीस वर्षं म्हणजे माझं उरलेलं आयुष्य झालं. "पक्ष्यांची दिवाळी" म्हणायला तुमचं काय जातं.

खाडीकाठचा

४४ टक्के ठाऊक नव्हतं, मान्य. पण ते चार ते आठ वर्षांच्या लावलेल्या सागाचं माप आहे ना? नैसर्गिक जंगलाला 'उत्पादन घटलं' हे गणित लावायचंच कशाला?

जुना वनपाल

गडचिरोलीत आलापल्लीकडे नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून दोन शब्द. तुम्ही दोघं दोन वेगळ्या अळ्यांची खिचडी करताय. सागावर मुख्य दोन. पहिली ही, पावसाच्या तोंडाशी येणारी, जी पान जवळजवळ अख्खं खाते. दुसरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते, युटेक्टोना मॅकीरॅलिस. ती शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते, पान उन्हाकडे धरलं तर मच्छरदाणीच. ऑक्टोबरात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यावरून जाताना डोंगर गंजलेला दिसतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळे. पेपरवाले "सागवनावर संकट" छापतात, आमच्या साहेबांचे फोन सुरू. त्या वेळेपर्यंत झाडाची वर्षाची वाढ होऊन गेलेली असते. निलांबूरच्याच त्या कामात हिच्यामुळे वाढीत म्हणण्यासारखा फरक दिसला नव्हता. म्हणजे जी जास्त भयंकर दिसते ती कमी नुकसान करते.

पहिलीचा हल्ला मात्र बघण्यासारखा असतो. ऐकण्यासारखाही. पाऊस थांबलेला, आभाळ कोरडं, आणि रोपवनात टपटप टपटप चाललेलं. वर पाहिलं तर लेंड्याच पडताहेत. डोक्यावर टॉवेल घेतल्याशिवाय आम्ही आत शिरत नसू.

फवारणीचं म्हणाल तर ते कागदावरच सोपं. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते. अळी खाते दहा-बारा दिवस, त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन-तीन दिवसांत. पहिल्या आठवड्यात साठ फूट उंचीवर काय चाललंय हे वनरक्षकाला दिसत नाही. दिसतं तेव्हा पान गेलेलं असतं, आणि मंजुरी, निविदा, पंप येईपर्यंत अळ्या पाचोळ्यात कोषात.

मूलचा सागवाला

काका, माझी झाडं साठ फुटांची नाहीत, वीस फुटांची आहेत. एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाने शेंड्यापर्यंत पोचतं. मी निविदाही काढत नाही.

आरमोरीचा कोसावाला

मूलवाले भाऊ, तुमच्या बांधापलीकडे ऐनाची झाडं आहेत का हो? विचारतो कारण आमच्याकडे ढिवर लोक ऐनावर आणि अर्जुनावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, घेतात. उघड्या जंगलात अळ्या सोडतात, दिवसभर पाखरं हाकलतात, रात्री पहारा ठेवतात. टसर रेशमाचा किडाही पानखाऊ अळीच आहे बाप्पा! वाऱ्याने तुमचा फवारा इकडे आला तर ज्याला तुम्ही कीड म्हणता आणि ज्याला आम्ही पीक म्हणतो, दोन्ही एकाच दिवशी खाली पडतील. आणि "जैविक आहे, बीटी आहे" हे सांगूच नका. अशा अळ्यांसाठी मारतात ते बीटी, म्हणजे जिवाणूचं औषध, पतंगवर्गातल्या अळ्यांवर चालतं, कोसा त्यातलाच.

पेट्रीडिश

कोसावाल्यांशी सहमत, पण सगळं जैविक एका माळेत ओवू नका. याच अळीचा एक विषाणू आहे, एचपीएनपीव्ही. निलांबूरच्या परिसरात साथीत मेलेल्या अळ्यांमध्येच तो सापडला. अळी तो पानाबरोबर खाते, अंग पातळ होतं, पानाला उलटी लटकून फुटते आणि त्या द्रवातून पुढच्या अळ्यांना लागण. असे विषाणू फार थोड्या जातींपुरते असतात, त्यामुळे कोळंबी आणि माणूस सुरक्षित. अडचणी दोन. कडक उन्हात तो लवकर निकामी होतो आणि अळी लहान असतानाच खाल्ला पाहिजे. म्हणजे वनपाल काकांचा मुद्दा परत आलाच, वेळेवर दिसली पाहिजे. पण दिसू शकते. निलांबूरला असं लक्षात आलं की उद्रेक एकदम सगळीकडे होत नाही. सुरुवात एक-दोन हेक्टरच्या आतबाहेरच्या तुकड्यांत, झाडांच्या शेंड्यांवर होते. तिथले पतंग उडून पुढचं रान व्यापतात. ते सुरुवातीचे तुकडे गाठले तर अख्खं जंगल फवारायची गरजच नाही.

कासारगोड विसरू नका

'फक्त थोडं फवारू' हे वाक्य कुठे जातं ते पाहा. केरळात कासारगोडच्या काजूबागांवर सुमारे वीस वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं. कीड वेगळी होती, रस शोषणारा ढेकूण, पण युक्तिवाद हाच: उत्पादन घटतंय. लोकांची काय हालत झाली ते देशाने पाहिलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली.

मूलचा सागवाला

हेलिकॉप्टर कुठून आणलं मध्येच? माझा पंप आणि हेलिकॉप्टर एकच का? वाईट उदाहरण दिलं की शेतकऱ्याने गप्प बसायचं, ही इथली नेहमीची रीत आहे.

जुना वनपाल

मूलवाल्यांचं बरोबर आहे, हेलिकॉप्टर इथे नको. मी उलट बाजूने सांगतो. इंग्रजांच्या काळी डेहराडूनला बीसन नावाचे वनकीटकतज्ज्ञ होते. त्यांचा सल्ला होता की नुसता साग लावू नका, मध्ये इतर जाती आणि खालची झुडपं राखा. त्या झुडपांवरच्या दुसऱ्या अळ्यांवर परजीवी गांधीलमाश्या वर्षभर जगतात आणि सागावर अळी आली की तिच्यावर जातात. आम्ही सगळी नोकरी विरळणी नि साफसफाई करत उलटं केलं. पुढे हेही दिसलं की पतंग बाहेरून थव्याने येतात तेव्हा या माश्या उद्रेक थोपवू शकत नाहीत. म्हणून रामबाण म्हणत नाही. मूलवाल्यांनी बांधालगत करंज-बेहडा ठेवला तर नुकसान तर नाही.

शंकासुर

मला धागाकर्त्याचाच मुद्दा खटकतो. "अळी आहे, काळजी नको" हे वाक्य उद्या भराव टाकणाऱ्याच्या वकिलाच्या तोंडी येईल.

खाडीकाठचा

शंका रास्त, म्हणून काय पाहायचं ते लिहितो. अळी असेल तर फक्त तिवर तपकिरी, शेजारची चिपी आणि कांदळ हिरवी. पानं खाल्लेली दिसतात, शिरा उरतात, खाली लेंड्या. भराव घालून भरतीचं पाणी अडवलं असेल तर एका बाजूने, बांधाच्या कडेने, सगळ्या जाती वाळत जातात. पानं अख्खी पिवळी होऊन गळतात, चिखल भेगाळतो आणि पालवी येत नाही. तसं दिसलं तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा, पहिली सही माझी.

आणि मूलवाले भाऊ, "ना डोंगरात" मागे घेतो. जंगलात नको, हे कायम. तुमच्या दोन एकरांत काय करायचं ते ठरवणारा मी कोण. पण विषाणूचं पेट्रीडिश यांना विचाराच.

मूलचा सागवाला

विचारतो. पेट्रीडिश, हा विषाणू मिळतो कुठे? आणि शेंडा बघायला झाडावर चढू, की दुर्बिणीने दिसेल?

पेट्रीडिश

दुकानात मागून मिळेल असं समजू नका, संशोधन संस्थेकडेच विचारावं लागेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. दुर्बीण चालेल. पहिल्या पावसानंतर आठवडाभर रोज सकाळी बघा, कोवळ्या पानाची कड दुमडलेली दिसली की आत तीच.

आरमोरीचा कोसावाला

आणि ऐनाचं सांगितलंच नाही हो तुम्ही. आहेत का बांधापलीकडे?