शब्दचर्चा: 'प्रमाणशीर' कारवाई म्हणावं का?

प्रश्न: साथरोगांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. नवा रोग आला की सरकारने केलेली कारवाई 'प्रपोर्शनेट' आहे का, हा प्रश्न त्यात पानोपानी येतो. 'प्रमाणबद्ध' म्हटलं की मला मूर्ती आठवते, टाळेबंदी नाही. 'आनुपातिक' गणिताच्या तासासारखं वाटतं. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद: संज्ञा कशाला हवी? 'रोगाच्या मानाने कारवाई जास्त झाली' हे कोणालाही कळतं.

प्रतिसाद: माझं मत 'प्रमाणशीर'. मराठीत 'प्रमाण' दोन अंगांचा शब्द आहे. आमटीत मीठ किती, ते प्रमाण; आणि एखादी गोष्ट खरी कशावरून, तेही प्रमाणच. प्रत्यक्ष, अनुमान ही न्यायशास्त्रातली प्रमाणं. नव्या रोगात घोडं नेमकं इथे अडतं: 'कशावरून' याचा पत्ता नसताना 'किती' ते ठरवावं लागतं.

पुण्याचा प्लेग बघा. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला, जेमतेम चार कलमांचा. त्यातल्या एका कलमाने सद्भावनेने केलेल्या कारवाईबद्दल दावाच लावता येणार नाही, अशी सोय केली. मग रँडच्या हाताखाली गोरे सोजीर पुण्यातल्या घराघरांत शिरले. काखा-जांघा तपासल्या, सामान बाहेर काढून जाळलं, माणसं सेग्रिगेशन कँपात नेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गाठलं. आणि उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ साली! आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. म्हणून 'मानाने जास्त' एवढं मला पुरत नाही. निम्मे सोजीर पाठवले असते तरी तेही चुकीच्याच जागी शोधत बसले असते.

१८९७च्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. रोग तोच, शहर तेच. रोग्याकडे जाण्याची रीत वेगळी.

प्रतिसाद: २०२०मध्ये आमची पेठेतली गल्ली पत्रे ठोकून बंद केली. कागदावर 'प्रतिबंधित क्षेत्र', आमच्या तोंडी 'गल्ली सील झाली'. पत्र्याखाली वीतभर फट होती, तिच्यातून दूधवाला पिशव्या सरकवायचा. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, तर दर वेळी पत्र्याचे नट ढिले करून त्यांना आडवं होऊन बाहेर काढायचो. पत्रे लागले याचा मला राग नव्हता, तेव्हा कोणालाच काही कळत नव्हतं. राग याचा, की गल्लीतला शेवटचा रोगी बरा होऊन आला तरी पत्रे तसेच, आणि ते कधी निघणार हे कोणाला विचारायचं तेही कोणी सांगेना. 'प्रमाणशीर'मध्ये ही मुदत येते का? मला तर येत नाही असंच वाटतं.

प्रतिसाद: शब्दात येत नसेल, कायद्यात येते. जानेवारी २०२०मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावलं: बेमुदत बंदी चालणार नाही, वेळोवेळी फेरविचार हवा. तेव्हा पत्र्यांची तुमची तक्रार या संकल्पनेच्या पोटातलीच आहे.

प्रश्नकर्ती: मग असं करते. मजकुरात 'रोगाच्या मानाने', संज्ञा म्हणून 'प्रमाणशीर', आणि ती पहिल्यांदा येईल तिथे 'किती, कशावरून आणि किती दिवस' असं फोडून लिहिते. एक राहिलं: 'डिसप्रपोर्शनेट'ला 'अतिरेकी' लिहवत नाही, तो शब्द आता बंदूकधाऱ्यांचा झालाय. 'अवाजवी' चालेल?

प्रतिसाद: चालेल. 'वाजवी' अरबी 'वाजिब'वरून आलेला, जे योग्य, जे देणं लागतं ते. भावालाही लागतो, दंडालाही. टाळेबंदीच्या एखाद्या नियमाला 'अवाजवी' शोभेल. पुण्याच्या १८९७ला मात्र तो फार मवाळ पडतो. तिथे 'जुलूम' लिहा.