मदत हवी आहे: जेट आउटबोर्डसाठी अ‍ॅल्युमिनियम बोटीचं बूड

मंडळी, मी मिसुरीत सेंट लुईसजवळ राहतो. मेरामेक नदीत उन्हाळ्यात जागोजागी घोटाभर पाणी आणि खाली नुसते गोटे, म्हणून बोटीमागे बाहेर लावलेल्या ४० एचपीच्या मोटरचा (आउटबोर्डचा) पंखा काढून तिला जेट, म्हणजे पाणी ओढून मागे जोरात फेकणारा पंप, लावलं. बोट १६ फुटी, सपाट बुडाची, रिव्हेट मारलेली. पत्रा जेमतेम १.६ मिमी. ट्रान्सम (मोटर टांगतात ती मागची उभी फळी) सहा इंच उंच करून घेतला. जेटचं तोंड बुडाच्या पातळीत आहे, पट्टी लावून दोनदा बघितलं.

तरी बोट वेग घेऊन वर उचलली की मोटर एकदम किंचाळते आणि जोरच जातो. हवा ओढतेय, हे नक्की. जेटच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने उकरून काढले, फरक शून्य. माझा संशय मधल्या कीलवर, म्हणजे बुडाखालच्या लांब उभ्या पट्टीवर, आहे. ती थेट ट्रान्समपर्यंत येते, तिच्यामागे बुडबुड्यांची रेघ उठते आणि ती नेमकी जेटच्या तोंडात जाते.

शेवटची तीन फूट कील कापून टाकू का? मग बुडाला आतून आधार काय द्यायचा? आणि तिथली रिव्हेटची भोकं कशी बुजवायची? वेल्डरचं म्हणणं, थेट टनेलच (बुडात मागच्या बाजूला वर गेलेली खोलगट वाट) करून घे. पण एवढ्या पातळ पत्र्यावर वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे रिव्हेट ढिले होतील अशी धास्ती आहे, शिवाय टनेलमुळे मागच्या भागाची तरंगण्याची ताकदही कमी होणार.

मालवणच्या मामाला विचारलं, तर म्हणतो, "भरती येईपर्यंत थांब!"

कुणी हे स्वतः केलंय का?