शब्दचर्चा: बेअरिंगचा 'खड्डा' म्हणजे नेमकं काय?

(बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने.)

जळगाव: जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) देखभाल वहीत बेअरिंग बिघडण्याच्या कारणाच्या रकान्यात बहुतेकदा 'खड्डे पडले' एवढंच असतं. पिटिंग (बारीक खड्डे), ब्रिनेलिंग, स्पॉलिंग सगळ्यांना एकच शब्द. वेगळे मराठी शब्द सुचवा.

भुसावळ: घरातलेच आहेत. पातेलं आपटलं की पोचा येतो, कपाचा टवका उडतो. पोच्यात धातू दबतो पण जागेवर राहतो, टवक्यात निघून जातो. हातोडी मारून बेअरिंग बसवली की आतल्या रोलरच्या अंतरा-अंतरावर पोचे येतात, हे ब्रिनेलिंग. भिंगातून पाहिलं तर पोच्याच्या तळाशीही ग्राइंडिंगच्या (कारखान्यात घासून गुळगुळीत करतानाच्या) मूळ रेषा दिसतात. टवका म्हणजे स्पॉलिंग, तळ खडबडीत. रेसच्या, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्याच्या, एकाच कडेला टवके असतील तर आधी अलाइनमेंट (शाफ्ट सरळ रेषेत आहे का) तपासा.

धुळे: हंगाम संपल्यावर मशीन उभं असतं, तरी रोलरच्या अंतरावर खड्डे सापडतात. मूळ रेषा पुसलेल्या, लालसर भुकटी. हा पोचा का?

भुसावळ: नाही, ती झीज. शेजारच्या मशीनच्या थरथरीने रोलर जागच्या जागी घासतो, मधलं ग्रीस बाजूला सरतं, उघडा धातू झिजतो. या फॉल्स ब्रिनेलिंगला 'खोटा पोचा' म्हणा. बेअरिंगच्या बिघाडांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 15243 त्याला गंजाच्या वर्गात घालतं. पण वहीत 'गंज' लिहिलं की माणूस पाणी शोधत बसतो. उपाय सोपा: आठवड्याला शाफ्ट हाताने सव्वा फेरी फिरवा. पूर्ण फेरी मारून जुन्याच जागेवर आणून ठेवू नका.

अमळनेर: फिटर 'बेरिंग गयी' म्हणून मोकळा होतो, तिथे सव्वा फेरी कोण मोजतो! व्हीएफडीवरच्या (वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवरच्या) मोटरीत रेसवर आडवे पट्टे येतात, त्यांना 'वळ' म्हणावं का?

धुळे: वळ उठतो, उंच असतो. इथे ओळीने खाचा असतात. कपाशीच्या शेतातली 'सरी' बरी.

भुसावळ: सरी पटली. 'चरा' मात्र नको, तो कचऱ्याने फिरण्याच्या दिशेत पडतो, सरी आडवी. सऱ्या रोलरच्या अंतरापेक्षा बऱ्याच दाट आणि रोलर राखाडी, निस्तेज असतील तर कारण वीज. नुसती बेअरिंग बदलून भागत नाही. इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंग ब्रश लावावा लागतो.

जळगाव: म्हणजे पोचा, टवका, खोटा पोचा, सरी, चरा. वहीत हेच छापून घेतो.

भुसावळ: सोबत आतली रेस की बाहेरची तेही लिहायला लावा. आणि बघण्याआधी रॉकेलने धुऊ नका, लाल भुकटी ग्रीसबरोबर निघून जाते.