आजोबांचे कागद नीट हाती सोपवायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत 1923 च्या झेंडा सत्याग्रहाच्या काळातली पत्रं, जमाखर्चाच्या वह्या, बरेचसे कागद मोडी लिपीत. एका घडीत आजीनं ठेवलेलं कडुनिंबाचं पान अजून तसंच आहे. घडी उलगडली की कागद तुटतो, आणि पूर्वी लावलेली चिकटपट्टी शाईसकट निघतेय.

पुराभिलेख विभागाच्या इथल्या कार्यालयात किंवा विदर्भ संशोधन मंडळात घरगुती कागद कुणी दिलेत का? लेखी पोच मिळते का? काही पत्रं फार खासगी आहेत, ती काही वर्षं बंद ठेवतात का? भाऊ म्हणतो, स्कॅन करून मूळ रद्दीत टाकू. माझा हात धजावत नाही. मोडी वाचणारं कुणी असेल तर प्लीज कळवा.